सायकलचा बिल्ला आणि सायकलचा मालक

अल खफजीत सायकलवरचा माणूस दिसला की तो कोण असणार हे लांबूनच कळतं. शहर पसरट, पेट्रोल स्वस्त आणि उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकणं म्हणजे शिक्षा. त्यामुळे ज्याला परवडतं तो मोटारीतून फिरतो. हौसेनं सायकल चालवणारे आम्ही मोजके लोक हिवाळ्यात संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर दिसतो, तेवढंच. बाकीच्या सगळ्या सायकली पोटासाठी चालतात. बकाल्यातून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, घरोघरी सामान पोचवणारे, पहाटे लोकांच्या गाड्या धुणारे, बांधकामावरचे गवंडी आणि त्यांचे मदतनीस. बांगलादेशी, पाकिस्तानी, नेपाळी, केरळी आणि अधूनमधून आपले कोकणातलेही.

आमच्या जवळच्या बकाल्यात खेड तालुक्यातले एक चाचा काम करतात. मराठी बोलायला मिळतं म्हणून मी गरज नसताना तिथे दूध आणायला जातो. गेल्या हिवाळ्यात चाचांची सायकल चोरीला गेली. फायनल एक्झिट घेऊन कायमच्या घरी निघालेल्या एका माणसाकडून त्यांनी ती दीडशे रियालला घेतली होती. असल्या व्यवहारात पावती कोण मागतो? महिन्याभरानं त्यांना दुसऱ्या मोहल्ल्यात एक सायकल दिसली. रंग वेगळा, सीट वेगळं, पण पुढच्या चिमट्यावर वेल्डिंगचा डाग अगदी त्याच जागी. मी म्हटलं, "चाचा, पोलिसांकडे जाऊ या, मी येतो बरोबर." चाचा हसले. म्हणाले, "साहेब, सायकल माझीच हाय. पन तसा सांगनारा कागद कुठं हाय? माझा इकामा हाय खिशात. सायकलीला कुठचा इकामा?"

इकामा म्हणजे इथलं रहिवासाचं ओळखपत्र. त्यावर प्रत्येकाचा एक नंबर असतो आणि बँकेच्या खात्यापासून मोबाईलच्या सिमपर्यंत सगळं त्या नंबराला बांधलेलं असतं. मोटारीला इस्तिमारा नावाचं कार्ड असतं. गंमत म्हणजे उंटालाही ओळख असते. या वाळवंटातल्या बदू टोळ्या पिढ्यानपिढ्या उंटांना डाग देत आल्या आहेत. त्या डागाला 'वस्म' म्हणतात. प्रत्येक टोळीचा वस्म वेगळा. मानेवर, गालावर, मांडीवर तापल्या लोखंडानं उमटवलेला. अलीकडे उंटांना मायक्रोचिपही बसवतात. थोडक्यात, माणूस, मोटार आणि उंट या तिघांचीही नोंद आहे. नोंद नाही ती सायकलची, म्हणजे ज्याच्याकडे फक्त सायकलच आहे त्याच्या एकुलत्या एक वाहनाची.

चाचांचं ते वाक्य डोक्यात राहिलं. सायकलीचा इकामा. म्हटलं, जगात कुणी कधी हे करून पाहिलं आहे का? पाहिलं असेल तर त्यानं चोऱ्या थांबल्या का? शोधायला लागलो तर पहिला धागा थेट आपल्याच घरी निघाला. तो म्हणजे सायकलचा बिल्ला.

पण बिल्ल्याच्या आधी थोडं मागे जाऊ. वस्तूवर मालकाची खूण करण्याची सवय आपल्याला काही बिल्ल्यानं लावली नाही. आपल्याकडे लग्नात आलेल्या पातेल्यावर देणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घालतात. भांड्यांच्या दुकानाबाहेर नावं घालणारा माणूस बसलेला असायचा, टकटक करत. हेतू आठवणीचा, पण उपयोग मालकी सांगण्याचा. चाळीतल्या हळदीकुंकवाला दहा घरची पातेली एकत्र आली की संध्याकाळी ती नाव वाचूनच आपापल्या घरी परतायची. तसंच सायकलचंही झालं. चेनकव्हरवर पेंटरकडून नाव लिहून घ्यायचं. तासावर सायकली भाड्यानं देणारे दुकानदार मागच्या मडगार्डवर दुकानाचं नाव आणि सायकलचा नंबर रंगवायचे आणि वहीत घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून ठेवायचे. ही खरं तर व्यवस्थित चालणारी नोंदणीच होती. वस्तूवर नंबर, वहीत माणूस, आणि वही ज्याची त्यालाच सायकल परत यावी असं वाटतंय. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सायकल आपल्याकडे आली ती श्रीमंतांची वस्तू म्हणून. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बंधू रामूअण्णांच्या साथीनं बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढचा सगळा किर्लोस्कर उद्योग त्या दुकानाच्या पायावर उभा राहिला, हे बहुतेकांना माहीत असतं. त्या काळी सायकलला नंबराची गरजच नसणार. गावात चार सायकली असतील तर कुठली कुणाची हे पोरंसोरंही सांगतात. अडचण सुरू होते ती सायकली वाढल्यावर. स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांनी जोर धरला. सोनीपतची ॲटलास १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. कारखान्यात वस्तू तयार होते याचा अर्थच असा, की तिची दुसरी प्रत तिच्यासारखीच असते. सिनेमाच्या थेटरबाहेर शंभर काळ्या सायकली एकाच कुशीवर कलंडलेल्या. त्यातली आपली कुठली हे मालकालाच शोधावं लागायचं, तिथे पोलिसाला काय सांगणार?

याच काळात बिल्ला होता. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांना जे कर लावता येतात त्यांची यादी आहे. तिच्यात ५७ व्या क्रमांकावर वाहनांवरचा कर आहे आणि वाहन यंत्रावर चालणारं असो की नसो, दोन्ही त्यात धरलं आहे. म्हणजे सायकल आली. मुंबई प्रांतिक महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात वाहनं, होड्या आणि जनावरं यांच्यावरच्या कराची तरतूद होती. ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या कायद्यात सायकलींवरच्या कराचा वेगळा उल्लेख आहे. गावोगावच्या नगरपालिका हा कर घ्यायच्या आणि भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा किंवा पितळेचा छोटा बिल्ला द्यायच्या. त्यावर नगरपालिकेचं नाव, वर्ष आणि एक नंबर. तो स्क्रूनं सायकलवर बसवायचा. वर्ष संपलं की नवा बिल्ला.

आमच्या आधीच्या पिढीतल्या पुणेकरांकडून ऐकलेल्या गोष्टींमध्ये सायकलस्वाराचे तीन गुन्हे कायम असतात. रात्री दिवा नसणं, डबलसीट जाणं आणि बिल्ला नसणं. कोपऱ्यावर तपासणी लागली की पोरं आधीच्या बोळात शिरायची. सापडलाच कुणी तर चाकातली हवा जायची किंवा दंड व्हायचा. ऐकायला मजा वाटते. पण एक गोष्ट बघा. या सगळ्या आठवणींत बिल्ला नसल्याबद्दल पकडले गेलेले खूप भेटतात. बिल्ल्यामुळे चोरीची सायकल परत मिळालेला एकही मला अजून भेटलेला नाही.

आणि ते साहजिकच आहे. बिल्ला सांगत होता तो कर भरल्याची गोष्ट. सायकल कुणाची, हे सांगणं त्याचं कामच नव्हतं. चोराला फक्त एक स्क्रू फिरवायचा होता. बिल्ल्याचा नंबर नगरपालिकेच्या वहीत आणि चोरीची तक्रार पोलीस चौकीत, आणि या दोन वह्या एकमेकींशी बोलण्याचं काही कारण नव्हतं. नगरपालिकेच्या दृष्टीनं सायकल ज्याच्याकडे असेल त्यानं पैसे भरले की हिशेब पुरा. चोरानं भरले तरी चालण्यासारखं होतं! घरात ठेवलेली कराची पावती मात्र एक कागद म्हणून उपयोगी पडू शकत होती, तेवढंच त्यातलं मालकाच्या बाजूचं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. सायकलींचा देश म्हणून ज्याचं नाव घेतात त्या हॉलंडमध्येही १९२४ साली सायकलकर आला. वर्षाला तीन गिल्डर, पुढे अडीच. पुरावा म्हणून तांब्याची छोटी पट्टी. कामगाराला ती रक्कम जाणवणारी होती. परिणाम असा, की चोरांना सायकलपेक्षा सोपी वस्तू मिळाली. ते पट्टीच चोरू लागले. लोक पट्टी सायकलवर लावायची सोडून कोटावर लावून फिरू लागले. चोरी थांबवणं तर सोडाच, नोंदणीच्या खुणेनंच चोरीला नवा माल पुरवला. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. बेकारांना पट्टी फुकट मिळायची, पण तिला मधोमध भोक पाडलेलं असायचं. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कळावं, की हा फुकटातला. तीसच्या दशकातल्या मंदीत किती घरांनी ती भोकाची पट्टी खाली मान घालून लावली असेल याची कल्पना करा. हा कर १९४१ साली नाझी जर्मनीच्या अंमलाखाली रद्द झाला, आणि त्याच जर्मनांनी पुढच्या वर्षी लोकांच्या सायकलीच जप्त करायला घेतल्या.

तिकडे कॅनडात टोरांटो शहरानं १९३५ साली सायकलींना परवाना सक्तीचा केला आणि १९५७ साली तो नियम मागे घेतला. कारणांमध्ये एक मोठं छान होतं. सायकल चालवणारी बहुतेक मुलं, त्यामुळे नकळत्या वयात त्यांच्या हातून कायदा मोडला जातो, आणि पोलीस आणि मुलं यांचं नातं उगाच बिघडतं. आपल्या बोळात शिरणाऱ्या पोरांची आठवण झाली. सायकल वाचवायला म्हणून जी व्यवस्था करावी तिच्यातून सायकलवाल्यालाच पोलिसाची भीती वाटू लागते, ही तक्रार दोन टोकांच्या दोन देशांत सारखीच.

इथे व्हित्तोरियो दे सिकाचा 'बायसिकल थीव्ज' आठवल्याशिवाय राहत नाही. १९४८ चा इटालियन सिनेमा, महायुद्धानंतरचं रोम. घरातल्या चादरी गहाण ठेवून सोडवून आणलेली सायकल कामाच्या पहिल्याच दिवशी चोरीला जाते आणि बाप-मुलगा ती शोधत शहरभर फिरतात. बहुतेकांना त्यातला शेवट आठवतो. मला इंजिनिअर म्हणून त्यातला एक छोटा प्रसंग जास्त लक्षात राहिला आहे. जुन्या बाजारात एक माणूस एक फ्रेम रंगवत बसलेला असतो. बापाला संशय येतो. पोलिसाला बोलावून फ्रेमवरचा नंबर बघितला जातो. नंबर जुळत नाही. प्रसंग संपतो. पण त्या एका मिनिटात सगळी गोष्ट आहे. त्या गरीब माणसाला आपल्या सायकलचा नंबर माहीत होता, म्हणून त्याला पोलिसाला हाक मारता आली आणि पोलिसालाही येऊन बघावं लागलं. सायकल मिळाली नाही हे खरं. पण त्याचं बोलणं कुणी उडवून लावू शकलं नाही. आमच्या चाचांपाशी एवढंही नव्हतं.

तर हा नंबर, फ्रेममध्ये ठोकलेला, बिल्ल्यापेक्षा फार वेगळी चीज आहे. पायडलचा दांडा फ्रेममधून जिथे आरपार जातो त्या जोडाच्या खाली, नाहीतर सीटखालच्या नळीवर, कारखान्यातच तो पोलादात ठोकलेला असतो. सायकल उलटी करून चिखल पुसला की बहुतेक दिसतो. चोर तो कानशीनं घासून काढू शकतो. पण इथे आमच्या धातुशास्त्रातली एक सुंदर गोष्ट आहे. ठसा मारताना वरचा खड्डा दिसतो तेवढाच होत नाही. त्याच्या खालचं पोलादही दाबलं जातं आणि त्याची अंतर्गत रचना बिघडते. वरून पृष्ठभाग गुळगुळीत केला तरी ती दबलेली जागा खाली शिल्लक असते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या जागी कॉपर क्लोराईड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण लावतात. दबलेलं पोलाद आणि न दबलेलं पोलाद यांवर त्याची क्रिया सारखी होत नाही, आणि हळूहळू पुसलेला आकडा पुन्हा उमटतो. बंदुका आणि मोटारींच्या बाबतीत हे नेहमी करतात. चोरानं फारच खोल घासलं तर मात्र उपाय नाही. म्हणजे बिल्ला एका स्क्रूनं निघतो, आणि हा नंबर घासला तरी पोलादाच्या पोटात राहतो.

चाचांनी बघितलेल्या सायकलवरही खाली नंबर होता. नव्या मालकाच्या नकळत बघून आलो, अगदी ठळक. पण तो कशाशी ताडून बघायचा? चाचांच्या जुन्या सायकलचा नंबर कुणीच कधी लिहून ठेवला नव्हता. चाचांनी नाही, त्यांना विकणाऱ्यानं नाही, त्याच्या आधीच्यानं तर नाहीच. पोलादाला सगळं आठवत होतं, पण ती आठवण कुणाच्या वहीत उतरलेली नव्हती. आणि वही नसेल तर त्या नव्या मालकाला चोर म्हणायचाही आपल्याला अधिकार नाही. त्यानंही कुणा फायनल एक्झिटवाल्याकडून पैसे मोजूनच घेतली असेल.

वही कशी असावी हे मी बघितलं ते जपानमध्ये, पीएचडीच्या वर्षांत. अल खफजीचा आणि जपानचा तसा जुना संबंध आहे. १९२२ च्या उकैर करारात सौदी आणि कुवेत यांच्यामधला हा पट्टा कुणाचा हे ठरलंच नव्हतं. 'न्यूट्रल झोन' म्हणून तो दोघांचा मिळून ठेवला. १९५७-५८ मध्ये एका जपानी कंपनीनं, अरेबियन ऑइल कंपनीनं, दोन्ही देशांशी करार केले आणि १९६० साली इथल्या समुद्रात तेल लागलं. सौदीचा करार २००० साली संपेपर्यंत हे शहर जपानी माणसांना सरावलेलं होतं. जमिनीची वाटणी पुढे झाली, तेल मात्र आजही दोन्ही देश निम्मं निम्मं घेतात. मालकीचा प्रश्न न सोडवताही हिशेब नीट ठेवता येतो याचं हे मोठं उदाहरण. असो.

जपानमध्ये सायकल विकत घेतली की दुकानदारच एक फॉर्म पुढे करतो. नाव, पत्ता, फोन, फ्रेमचा नंबर. काही शे येन घेऊन तो फ्रेमवर एक छोटं स्टिकर लावतो. त्यावर त्या प्रांताच्या पोलिसांचं नाव आणि नोंदणीचा नंबर. याला 'बोहान तोरोकु' म्हणतात. बोहान म्हणजे गुन्ह्याला प्रतिबंध आणि तोरोकु म्हणजे नोंदणी. १९९४ पासून कायद्यानं ती सक्तीची आहे, आणि तरीही न केल्यास दंड नाही! हे वाचून मला आधी हसू आलं होतं. पण व्यवस्था चालते, कारण नोंदणी विक्रीच्या जागीच होते आणि वही थेट पोलिसांकडे असते. शिवाय तिकडच्या बऱ्याचशा सायकलचोऱ्या म्हणजे शेवटची बस चुकलेल्या माणसानं स्टेशनवरची सायकल उचलून घरापर्यंत नेणं आणि मग कुठेतरी सोडून देणं. अशी बेवारस सायकल सापडली की नंबरावरून मालकाचा फोन लागतो.

एकदा रात्री अकराच्या सुमारास प्रयोगशाळेतून परतताना मला पोलिसानं थांबवलं. अगदी नम्रपणे. टॉर्च मारून स्टिकर वाचलं, वायरलेसवर नंबर सांगितला, मला नाव विचारलं, पलीकडून तेच नाव आलं, आणि "ओयासुमी नासाई" म्हणून तो गेला. तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत दोन भावना एकदम आल्या. एक, हा माझ्याकडे संशयानं बघतो आहे. आणि दुसरी, परक्या देशात एका वहीत लिहिलेलं आहे की ही सायकल माझी आहे. माझ्या एका बांगलादेशी मित्राला असंच थांबवलं तेव्हा त्याच्याकडे मायदेशी परत गेलेल्या सीनियरची सायकल होती. स्टिकर सीनियरच्या नावाचं. त्याला ठाण्यात बसून दोन तास समजावून सांगावं लागलं. नंबर तोच, वही तीच. ज्याचं नाव वहीत होतं त्याची तीन मिनिटांत सुटका आणि ज्याचं नव्हतं त्याचा घाम निघाला. नोंदणी मालकाचं रक्षण करते हे खरं, पण मालक कोण हे वही ठरवते, आणि हातोहात फिरणाऱ्या सायकली नेहमी गरिबांच्या आणि परक्यांच्याच असतात.

डेन्मार्कनं वेगळी युक्ती केली. तिथे १९४० च्या दशकापासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायकलच्या फ्रेमवर ठरलेल्या पद्धतीचा नंबर ठोकलेला असावा लागतो. पोलिसानं रस्त्यात अडवायचा प्रश्न नाही. सायकल चोरीला गेली आणि विम्याचे पैसे हवे असतील तर नंबर सांगा. नाही सांगता आला तर पैसे नाहीत. झालं. प्रत्येक मालक स्वतःहून नंबर जपून ठेवतो. फ्रान्सनं तर २०२१ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या सायकलींना राष्ट्रीय नोंदीतला नंबर सक्तीचा केला आहे. आधी नव्या सायकलींना आणि काही महिन्यांनी दुकानातून विकल्या जाणाऱ्या जुन्यांनाही.

हे सगळं एकत्र ठेवलं की मला तीन प्रश्न दिसतात. नंबर कशावर आहे, निघणाऱ्या पत्र्यावर की पोलादात? वही कुणाकडे आहे, कर घेणाऱ्याकडे की सायकल शोधणाऱ्याकडे? आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा. वही उघडल्यानं फायदा कुणाचा होतो? आपला बिल्ला आणि डच पट्टी तिन्ही प्रश्नांत नापास, कारण ती मुळात मालकासाठी नव्हतीच. भाड्याच्या सायकलवाल्याची वही तिसऱ्या प्रश्नात पहिल्या नंबरानं पास.

तिसरा प्रश्न किती मोठा आहे हे २०१८ साली आलेल्या प्रकाश कुंटे यांच्या 'सायकल' या मराठी सिनेमात दिसतं. कोकणातल्या केशवची लाडकी पिवळी सायकल दोन चोर पळवतात. पण ते ज्या गावात जातात तिथे लोक सायकल ओळखतात. अरे, ही तर केशवची! आणि केशवची सायकल यांच्याकडे म्हणजे ही त्याचीच माणसं, असं समजून त्यांना जेवायलाही घालतात. नंबर नाही, बिल्ला नाही, वही नाही. वही गावाच्या डोक्यात. उंटावरच्या वस्मचंही तेच आहे. तो डाग चालतो, कारण वाळवंटातल्या प्रत्येकाला तो वाचता येतो. शहर मोठं झालं, माणसं अनोळखी झाली, की ही वही मिटते. कागदाची वही हवी ती यासाठी.

आता आपल्याकडची आजची स्थिती. बिल्ला इतिहासजमा झाला. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय २०१७ पासून आहे, तिथे जुना काळ बघायला मिळतो. कर गेला याचं दुःख नाही. पण त्या जागी मालकाच्या बाजूचं दुसरं काही आलं नाही. उलट कायद्यानं एक गोष्ट अवघड केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. पहिल्या चुकीसाठी कुणाला तुरुंगात टाकू नये, हा विचार मला पटतो. पण पाच हजारांची रेघ कुठून जाते बघा. लाखाची गिअरवाली सायकल रेघेच्या वर. दूधवाल्याची, वॉचमनची, शाळेत जाणाऱ्या मुलीची जुनी सायकल रेघेच्या खाली.

आणि समजा सापडली, तरी पुढे मुद्देमालाचा प्रश्न आहेच. पोलीस ठाण्याच्या आवारात गंजलेल्या सायकलींचा ढीग कुणी पाहिला नाही? जप्त केलेला माल विनाकारण ठेवून देऊ नका, पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि मालकाला द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितलं आहे. पण मालकाला द्यायचं तर मालक कोण हे आधी सिद्ध व्हायला हवं. पावती नाही, नंबर माहीत नाही, म्हणून सायकल ढिगात दिसत असूनही हात लावता येत नाही. शेवटी बेवारस म्हणून लिलाव.

म्हणून मला वाटतं, आपल्याला नवा बिल्ला नको. सक्ती नको, दंड नको, कोपऱ्यावरची तपासणी तर नकोच. आपल्याला हवी आहे ती फक्त वही, आणि तीही सायकलवाल्याच्या माणसांकडे. एक उदाहरण देतो. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम पाच हजार रुपये झाली. म्हणजे घेतली त्या वर्षानंतर ती सायकल कायद्याच्या रेघेखाली गेलीच म्हणून समजा. सायकल चोरीला गेली तर त्या मुलीचं फक्त वाहन जात नाही. पाच किलोमीटर चालत जायचं की घरी बसायचं, हा प्रश्न पुन्हा घरात बोलला जातो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा मुलगी देत नाही.

अशा शाळेत मुख्याध्यापकांनी एक साधी वही ठेवली तर? एका रकान्यात मुलीचं नाव, दुसऱ्यात सायकलच्या फ्रेमचा नंबर, तिसऱ्यात एक ओळखीची खूण. सायकल विकली किंवा धाकट्या बहिणीला दिली तर त्याच ओळीत पुढे नोंद, म्हणजे हातोहात फिरणाऱ्या सायकलचाही हिशेब राहील. पानाखाली शाळेचा शिक्का. मोबाईलवर त्या पानाचा एक फोटो. खर्च शून्य. चोर पकडला जाईल अशी हमी यात नाही. पण तक्रार करायला गेलेल्या बापाच्या हातात कागद असेल, आणि ढिगातली सायकल ओळखता आली तर तिच्यावर हक्क सांगता येईल.

हा लेख लिहिताना मी घरी फोन करून बाबांना आमची जुनी ॲटलास उलटी करायला लावली. सत्तरीचा माणूस, पण कुरकुर न करता लगेच गेले. खोबरेल तेल लावून फडक्यानं पुसलं तेव्हा आकडे दिसले. पन्नास वर्षं ते तिथेच होते आणि घरातल्या कुणीही कधी बघितले नव्हते. त्यांनी ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आहेत, दुधाच्या हिशेबाशेजारी. तुमच्याही जिन्याखाली एखादी सायकल असेल. आज संध्याकाळी उलटी करून बघा.